एका सिस्टरच्या छातीतलं पाणी: स्तनाचा कर्करोग कसा वाढतो, कसा पसरतो

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७० साली एका ६९ वर्षांच्या रुग्णाच्या छातीतलं पाणी सुईने काढलं गेलं. रुग्ण म्हणजे कॅथलिक मठात राहणाऱ्या एक सिस्टर. काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा स्तन काढला होता. त्यातली गाठ साधी निघाली. पुढे डाव्या स्तनात गाठ आली, ती कर्करोगाची ठरली आणि तोही स्तन गेला. मग छातीवर, ऑपरेशनच्या जागेच्या आसपास, परत गाठी उठल्या. रेडिएशन झालं, हार्मोनचे उपचार झाले, आजार काही काळ दबला, आणि अखेर फुप्फुसाभोवती पाणी साठलं. त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांचं नाव वैद्यकीय साहित्यात छापून आलेलं आहे, पण इथे मी त्यांना सिस्टर एवढंच म्हणणार आहे.

इथवरची हकिगत कोणत्याही कॅन्सर रुग्णालयाच्या जुन्या फायलीत सापडावी अशी. फरक पडला तो पाणी फेकून न दिल्यामुळे. डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये हर्बर्ट सूल यांनी त्या पाण्यातल्या पेशी वाढवायला घेतल्या आणि त्या वाढतच राहिल्या. १९७३ साली सूल आणि सहकाऱ्यांनी ही सेल लाइन, म्हणजे शरीराबाहेर सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशींचा वंश, जाहीर केली: एमसीएफ-७. पहिली तीन अक्षरं संस्थेची, सात हा कितवा प्रयत्न त्याचा आकडा. त्याआधी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर टिकवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले होते, पण दीर्घकाळ तगलेल्या लाइन बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या साठ्यातसुद्धा, या पेशी आहेत.

स्तनाचा कर्करोग म्हणजे स्तनातली गाठ, ती काढली की आजार गेला, असं समीकरण आपल्याकडे घरोघर आहे. परत आजार निघाला की ‘डॉक्टरांनी नीट काढलं नसेल’ हेही त्याच समीकरणाचं पुढचं वाक्य. सिस्टरची फाइल त्यात बसत नाही. दोन्ही स्तन गेले तरी आजार राहिला. तो का राहिला, हे कळायचं तर दोन प्रश्न विचारावे लागतात: या पेशी कशावर जगत होत्या, आणि गाठ हाताला लागण्याआधी त्या कुठे जाऊन बसल्या होत्या? दोन्हींची बरीचशी उत्तरं त्या पाण्यातून निघाली, म्हणून हे प्रकरण.

गाठ लागण्याआधीची वर्षं

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांचे घोस असतात आणि त्यांतून निघालेल्या नळ्या स्तनाग्राकडे येतात. नळीच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतला थर दुधाच्या बाजूचा. बाहेरचा आकुंचन पावून दूध पुढे ढकलणारा. दोन्हींना बाहेरून एक पातळ पडदा गुंडाळलेला असतो. बहुतेक स्तनकर्करोग घोस आणि नळी जिथे जुळतात त्या टोकाच्या भागात सुरू होतात.

निरोगी स्तनातली कामाची वाटणी मला नेहमी थक्क करते. ईस्ट्रोजेनचा निरोप घेणारं ग्राहक प्रथिन, म्हणजे बायोप्सीच्या रिपोर्टवरचं ‘ईआर’, आतल्या थरातल्या काही पेशींतच असतं. पण या पेशी स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या निरोप घेतात आणि शेजारच्या, ईआर नसलेल्या पेशींना वाढायला सांगतात. ईआर पॉझिटिव्ह कर्करोगात नेमकी ही वाटणी मोडते. निरोप घेणारी पेशी स्वतःच वाढू लागते आणि तिला शेजाऱ्याची गरज उरत नाही.

हे एका रात्रीत होत नाही. पाळीच्या प्रत्येक चक्रात स्तनातल्या पेशी थोड्याफार विभागतात. प्रत्येक विभागणीत डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. बहुतेक दुरुस्त होतात, बऱ्याच निरुपद्रवी असतात. एखादी मात्र अशा जनुकात बसते की पेशीला वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो. एमसीएफ-७ मध्ये अशी एक चूक ओळखली गेली आहे: पीआयके३सीए या जनुकात. ‘जग आणि वाढ’ असा निरोप पेशीत पुढे नेणारं एन्झाइम त्यामुळे चालूच राहतं. आजार पुढे गेलेल्या ईआर पॉझिटिव्ह, हर-२ (वाढीचा निरोप घेणारं आणखी एक ग्राहक प्रथिन) निगेटिव्ह रुग्णांपैकी साधारण ४० टक्क्यांच्या गाठीत याच जनुकात बदल सापडतो. गुणसूत्रांचा तर पार गोंधळ उडालेला असतो. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. एमसीएफ-७ मध्ये ८०च्या आसपास भरतात. अर्थात यातला किती गोंधळ सिस्टरच्या शरीरात होता आणि किती नंतरच्या पन्नास वर्षांत प्रयोगशाळेत वाढला, हे वेगळं काढता येत नाही.

सुरुवातीला या पेशी नळीच्या आत दाटी करतात, पण बाहेरचा पडदा शाबूत असतो. या अवस्थेला डॉक्टर डीसीआयएस म्हणतात. पडद्याच्या आत रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही (पेशींभोवतीचा जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नसतात, त्यामुळे तिथून कुठे जाण्याची सोय नसते. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके पुष्कळदा याच अवस्थेचे. सगळे डीसीआयएस पुढे पडदा फोडतातच असंही नाही.

ढोबळ हिशेब असा शिकवला जातो: एक पेशी तीसेक वेळा दुप्पट झाली की एक सेंटिमीटरची गाठ होते, आणि तीत शंभर कोटीच्या घरात पेशी असतात. हाताला लागणारी गाठ बहुधा याहून मोठी असते. प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये एमसीएफ-७ दीडेक दिवसात दुप्पट होतात. शरीरात तसं होत नाही, कारण तिथे कित्येक पेशी मरतही असतात आणि गाठ दुप्पट व्हायला महिने लागू शकतात. म्हणजे हाताला ‘नवीन’ वाटलेली गाठ बहुतेक वेळा काही वर्षं जुनी असते.

मठ, पारशी कॉलनी आणि मुलं नसणं

रुग्ण मठातल्या होत्या हा निव्वळ योगायोग असेलही, पण स्तनकर्करोगाच्या इतिहासात मठ फार जुना आहे. कामगारांच्या आजारांवर लिहिणारे इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की मठातल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. १८४२ साली डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळून तेच दाखवलं, आणि वर हेही की गर्भाशयाचा कर्करोग मठांत कमी आहे. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन यांनी ५०० रुग्ण आणि हा कर्करोग नसलेल्या ५०० स्त्रिया यांची तुलना केली. उशिरा लग्न, कमी मुलं, कमी स्तनपान हे धागे तेव्हाच स्पष्ट झाले.

मुंबईत याच धाग्याचं दुसरं टोक सापडलं. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी धर्म आणि समाजाप्रमाणे लावून पाहिल्या, तेव्हा शहरातल्या इतर समाजांपेक्षा पारशी स्त्रियांत स्तनकर्करोगाचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. उशिरा लग्न, कमी अपत्यं, अविवाहित राहण्याचं जास्त प्रमाण ही कारणं तिथेही पुढे आली. आज पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या मुलींची लग्नाची आणि पहिल्या बाळंतपणाची वयं बघता, तेव्हा एका छोट्या समाजापुरतं असलेलं चित्र आता शहराचंच होत चाललंय.

२००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. प्रत्येक बाळंतपणामागे जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते आणि स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. पहिल्या पूर्ण गरोदरपणात दूधनळ्यांच्या पेशी पक्व होतात, दूध देण्याच्या कामाला लागतात आणि आयुष्यातल्या पाळीच्या चक्रांची संख्या घटते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. हे आकडे समूहाचे आहेत. सिस्टरना कर्करोग मुलं न झाल्यामुळे झाला, असं या आकड्यांवरून कुणालाच म्हणता येत नाही. चार मुलांना पाजलेल्या आईला होतो आणि मुलं नसलेल्या बहुसंख्य स्त्रियांना होत नाही. आनुवंशिक दोष साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतो. ‘मला का?’ या प्रश्नाला डॉक्टरकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं, आणि सासूबाईंकडे असतं ते उत्तर नव्हे.

पडद्यापलीकडे

सिस्टरवर झालेल्या शस्त्रक्रियेमागे त्या काळची एक ठाम समजूत होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या पद्धतीचे निकाल मांडले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असं सगळं एकसंध काढायचं. त्यांच्या मते आजार स्तनातून टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतो: आधी काख, मग पुढे. तेव्हा पुरेसं लांबून कापलं की आजार हाती लागेल. पुढची सत्तरेक वर्षं लाखो स्त्रियांनी या तर्काची किंमत दिली. हात सुजलेले, छातीचा खळगा झालेला.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांना हे पटत नव्हतं. पेशी रक्तातही उतरतात आणि लसिकेतही, एकाच वेळी आणि लवकर, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७१ साली, म्हणजे सिस्टर गेल्यानंतर वर्षभराने, त्यांच्या गटाने चाचणी सुरू केली. काही रुग्णांना हाल्स्टेडची शस्त्रक्रिया, काहींना फक्त स्तन काढण्याची, रेडिएशनसह किंवा त्याशिवाय. २००२ साली पंचवीस वर्षांचा निकाल आला. जगण्यात फरक नव्हता. जास्त कापल्याने जास्त आयुष्य मिळालं नाही, कारण ज्यांचा आजार परत यायचा होता त्यांच्या पेशी ऑपरेशनच्या दिवशी आधीच बाहेर पडलेल्या होत्या.

बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय? पेशी नळीभोवतीचा पडदा विरघळवणारी एन्झाइम सोडतात, शेजारच्या पेशीला धरून ठेवणारी पकड सैल करतात आणि भोवतालच्या तंतूंतून सरकतात. गाठीत उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. तिथून आत शिरणं सोपं. रक्तात शिरलेल्यांपैकी फारच थोड्या तगतात. तगलेल्यांना मग कुठेतरी उतरायचं असतं.

कुठे उतरायचं हे रक्तप्रवाह एकटा ठरवत नाही. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात आजार वारंवार सापडत होता, प्लीहेत क्वचित. रक्त तर दोन्हींना भरपूर. त्यांनी निष्कर्ष काढला की बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवेल त्या मातीत. स्तनाच्या पेशींना मानवणारी माती म्हणजे प्रामुख्याने हाडं, फुप्फुसं आणि त्यांचं आवरण, यकृत, मेंदू. ईआर पॉझिटिव्ह आजाराचा ओढा हाडांकडे विशेष. कंबर धरल्याची तक्रार घेऊन वर्षभर हाडांच्या डॉक्टरकडे फिरलेली, आणि आठ-दहा वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेलं सांगायला विसरलेली बाई प्रत्येक कॅन्सर ओपीडीत भेटते.

सिस्टरच्या छातीत पाणी कसं झालं ते यावरून लावता येतं. फुप्फुसावर आणि छातीच्या आतल्या बाजूला एक दुहेरी आवरण असतं. त्या दोन पदरांमध्ये एरवी चमचा-दोन चमचे द्रव असतो. तो सतत झिरपतो आणि बाहेरच्या पदरातल्या लसिकावाहिन्या तो सतत शोषतात. कर्करोगाच्या पेशी या आवरणावर रुजल्या की शोषणाच्या वाटा बुजतात आणि झिरपणं वाढतं. लिटर लिटर पाणी साठतं, फुप्फुस दबतं, आडवं झालं की धाप लागते. घरचे म्हणतात, ‘छातीत पाणी झालंय, काढलं की मोकळं होईल.’ मोकळं होतं खरं, पण पेशी आवरणावरच असतात, त्यामुळे पाणी पुन्हा भरतं.

पाण्याचाच फायदा

आता सूल यांना सातव्या खेपेला जमलं ते का? स्तनातली गाठ कापून तिचे तुकडे भांड्यात ठेवले की एक अडचण हमखास येते. गाठ नुसत्या कर्करोगाच्या पेशींची नसते. तिच्यात तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी ठासून असतात. (गाठ हाताला टणक लागते ती त्यांच्यामुळेच.) भांड्यात या फायब्रोब्लास्ट झपाट्याने पसरतात आणि हव्या असलेल्या पेशींना जागा उरत नाही. छातीच्या पाण्यात तसं नसतं. तिथे कर्करोगाच्या पेशी सुट्या किंवा झुपक्यांनी तरंगत असतात आणि फायब्रोब्लास्ट अगदी कमी. शिवाय त्या मूळ जागा सोडून, आधार सोडून जगायला शिकलेल्या असतात. टिकाऊ लाइन मिळायला हे पाणी चांगलंच होतं.

यात एक पेचही आहे. विज्ञानाला सर्वांत जास्त माहिती मिळाली ती आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या पेशींकडून. पहिली चूक झालेली पेशी कशी होती हे त्या पाण्यातून दिसत नाही.

ईस्ट्रोजेनवर जगणं

अंडाशयाचा आणि स्तनाचा संबंध आहे हे ग्लासगोचे जॉर्ज बीट्सन यांनी १८९६ साली दाखवलं होतं. व्यायलेल्या गाईची अंडाशयं काढली तर ती दूध देत राहते, हे पशुपालकांना ठाऊक होतं. अंडाशयाचा स्तनावर लांबून ताबा चालतो, मग तिथल्या कर्करोगावरही चालेल, असा त्यांचा कयास. त्यांनी पुढे गेलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांची अंडाशयं काढली आणि काहींच्या गाठी विरल्या. काहींच्या, सगळ्यांच्या नव्हे. कुणाच्या विरतील हे पुढची साठ-सत्तर वर्षं कुणाला आधी सांगता आलं नाही.

शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं ईस्ट्रोजेन वापरून ते शरीरात कुठे धरून ठेवलं जातं हे शोधलं, आणि ग्राहक प्रथिनाचा पत्ता लागला. ज्या गाठीत ते आहे तीच ईस्ट्रोजेन तोडल्यावर विरते. १९७३ साली एमसीएफ-७ मध्ये ते सापडलं. १९७५च्या सुमारास मार्क लिपमन यांनी या पेशींना ईस्ट्रोजेन दिलं तर त्या वाढतात आणि टॅमॉक्सिफेनसारखं विरोधी औषध दिलं तर थांबतात, हे भांड्यात दाखवलं. टॅमॉक्सिफेन मुळात गर्भनिरोधकाच्या शोधात १९६२ साली इंग्लंडमध्ये तयार झालेलं संयुग. गर्भनिरोधक म्हणून ते फसलं. मँचेस्टरमध्ये ते स्तनकर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि १९७७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ईआर पॉझिटिव्ह आजारात ऑपरेशननंतर पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने पुढच्या पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. गोळी स्वस्त आहे, तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही मिळते, आणि बऱ्याच बाया वर्ष-दोन वर्षांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद करतात. या आजारातलं मला सर्वांत जास्त चटका लावणारं नुकसान हेच आहे.

सिस्टर ६९ वर्षांच्या, पाळी जाऊन बराच काळ लोटलेला. मग ईस्ट्रोजेन येतं कुठून? अंडाशय थांबतं, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणाऱ्या हार्मोनचं चरबीच्या पेशींत ईस्ट्रोजेन बनतं. ते करणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेझ. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या तेच अडवतात. पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणाने धोका वाढतो त्यामागेही हे एक कारण.

या पेशी प्रत्यक्ष बघायच्या असतील तर फ्लास्क उलट्या (खालून बघणाऱ्या) मायक्रोस्कोपवर आडवा ठेवायचा. तळाला चिकटलेल्या पेशींची बेटं दिसतात, फरसबंदीसारखी एकमेकींना घट्ट लागून. बेटं भरली की मध्येच पेशींचे फुगवटे वर उचलले जातात. खाली द्रव साठलेला असतो. नळीच्या भिंतीतल्या पेशीची जुनी सवय अजून गेलेली नाही. वर गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाद्य. त्याचा रंग फिनॉल रेडचा. पेशींनी आम्ल सोडलं की तो पिवळट होतो आणि मीडियम बदलायची वेळ झाली हे नुसतं बघून कळतं.

त्या गुलाबी रंगानेच संशोधकांना कित्येक वर्षं चकवलं. ईस्ट्रोजेन काढून टाकलेल्या मीडियममध्येही एमसीएफ-७ वाढायच्या. अनेकांनी अर्थ लावला की या पेशींना ईस्ट्रोजेनची तितकी गरज नसावी. १९८६ साली इलिनॉय विद्यापीठातल्या कॅत्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने दाखवलं की रंगद्रव्य म्हणून घातलेलं फिनॉल रेडच क्षीण ईस्ट्रोजेनसारखं वागतं. पुढे कळलं की खरा वाटा त्यातल्या एका भेसळीचा आहे. तेव्हापासून हार्मोनचे प्रयोग रंगहीन मीडियममध्ये आणि कोळशाने हार्मोन शोषून काढलेल्या सीरममध्ये करतात. ग्राहक प्रथिन किती थोड्याशा निरोपावर जागं होतं, याचा याहून चांगला पुरावा मुद्दाम शोधूनही मिळाला नसता.

१९८० साली जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी एमसीएफ-७ मधलंच प्रथिन वापरून मानवी ईआरविरुद्ध मोनोक्लोनल प्रतिपिंडं (नेमकी त्या प्रथिनालाच चिकटणारी) तयार केली. त्याआधी ईआर मोजायला गोठवलेला ताजा तुकडा आणि किरणोत्सारी ईस्ट्रोजेन लागे. प्रतिपिंडांमुळे मेणात बसवलेल्या साध्या बायोप्सीवर तपासणी करता येऊ लागली. सांगली-लातूरच्या पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर आज जो तपकिरी रंग उमटतो, त्या तपासणीचं मूळ या कामात आहे.

उंदरात मात्र पसरत नाहीत

सिस्टरच्या शरीरात पसरलेल्या या पेशी उंदरात टोचल्या तर फारशा पसरत नाहीत. ईस्ट्रोजेनची गोळी त्वचेखाली बसवल्याशिवाय बहुधा गाठही धरत नाहीत. एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन प्रथिन त्यांनी सोडलेलं नाही. त्याच काळात टेक्सासमध्ये दुसऱ्या एका रुग्णाच्या, तिच्याही छातीच्या पाण्यातून, एमडीए-एमबी-२३१ ही लाइन निघाली. ती ट्रिपल निगेटिव्ह: ईआर नाही, पीआर (प्रोजेस्टेरॉनचं ग्राहक प्रथिन) नाही, हर-२ वाढलेलं नाही. तिच्या पेशी लांबट, सुट्या, ई-कॅडहेरिन हरवलेल्या, आणि उंदरात सहज पसरणाऱ्या. दोन बायांना नाव एकाच आजाराचं, पाणी एकाच जागी, आणि पेशी दोन वेगळ्या स्वभावाच्या.

रुग्णांतही हा फरक वेळेच्या रूपात दिसतो. ट्रिपल निगेटिव्ह आजार परत यायचा तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत येतो. ईआर पॉझिटिव्ह आजाराच्या पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात. २०१७ साली ६२,९२३ स्त्रियांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. पाच वर्षं हार्मोनची गोळी घेऊन तोवर आजारमुक्त असलेल्या या स्त्रियांत पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत दर वर्षी थोड्या थोड्या जणींचा आजार दूर कुठेतरी परत येतच राहिला. मूळ गाठ लहान आणि काख स्वच्छ असली तर पंधरा वर्षांत १३ टक्के. गाठ मोठी आणि काखेत चार ते नऊ ग्रंथींत आजार असला तर ४१ टक्के. ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा आपल्याकडचा समज या प्रकारच्या आजाराला लागू नाही.

या आकड्यांत लवकर निदानाचं महत्त्वही आहे. १३ आणि ४१ मधला फरक गाठ कितीची आणि काखेत किती पसरलेली असताना पकडली याचाच आहे. पेशी लवकर निसटतात हे खरं, पण सगळ्याच गाठींतून आणि सारख्या प्रमाणात नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ साली निकाल आला: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या गटात तसा फायदा दिसला नाही.

भारताच्या दृष्टीने एमसीएफ-७ ची मर्यादा मोठी आहे. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास आढळतं, आणि रुग्णही तुलनेने तरुण असतात. त्यांना टॅमॉक्सिफेनचा उपयोग नाही. सिस्टरच्या पेशींनी शिकवलेलं निम्मं शिक्षण त्यांच्या कामाचं नाही. शिवाय एमसीएफ-७ ही आता एक लाइन राहिलेलीच नाही. २०१८ साली तिच्या २७ उपप्रकारांची तुलना झाली, तेव्हा एका प्रयोगशाळेतल्या पेशींना मारणारी औषधं दुसरीकडच्या पेशींवर पुष्कळदा निष्प्रभ ठरली. शरीरात कर्करोग जसा बदलत जातो तसाच तो फ्लास्कमध्येही बदलत राहिलाय.

आज ही फाइल उघडली तर

असं छातीचं पाणी आज आलं तर त्यातल्या पेशींवर ईआर, पीआर, हर-२ पुन्हा तपासतात. मूळ गाठीचा जुना रिपोर्ट पुरत नाही, कारण पसरलेल्या जागी हे गुण बदललेले असू शकतात. पीआयके३सीए मधला बदलही बघता येतो. तो असला तर २०१९ पासून त्यावर नेमकं औषध आहे. पहिला उपचार बहुधा लेट्रोझोल आणि जोडीला पेशीविभाजन अडवणारी पाल्बोसिक्लिबच्या जातीतली गोळी. या जातीची औषधं ईआर पॉझिटिव्ह पेशींवर जास्त चालतात हे आधी सेल लाइनवरच दिसलं होतं, आणि त्यांत एमसीएफ-७ होती.

पसरल्यानंतर स्तनातली मूळ गाठ काढावी का, हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर त्याचीच चाचणी केली. निदानाच्या वेळीच आजार दूरवर पसरलेला, केमोला प्रतिसाद दिलेला. निम्म्यांच्या स्तनावर आणि काखेतल्या ग्रंथींवर उपचार केले, निम्म्यांच्या नाही. २०१५ साली निकाल जाहीर झाला: निम्म्या रुग्ण जगल्या तो काळ उपचार केलेल्या गटात १९.२ महिने, दुसऱ्यात २०.५. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढलं नाही. जखम चिघळली, रक्त येऊ लागलं तर ऑपरेशन करावं लागतं, ते वेगळं.

नव्या गोळ्यांनी काही वर्षं मिळतात, पण पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही. अरोमाटेझ अडवून ठेवलं की काही पेशींत ईआरच्या जनुकातच असा बदल होतो की ग्राहक प्रथिन ईस्ट्रोजेन नसतानाही चालू राहतं. निरोपाशिवाय निरोप मिळाल्यासारखं. अशा बदललेल्या ईआरवर चालणारी एलासेस्ट्रँट ही गोळी २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली. तो बदल मुद्दाम घालून औषधं पारखायची असली की संशोधक बहुधा एमसीएफ-७ चाच फ्लास्क काढतात.